दारूला तीस दिवस सुट्टी: मोकळ्या झालेल्या संध्याकाळचं काय करायचं

वहीतलं एक पान मी अजून जपून ठेवलंय. त्यावर काठी धरलेल्या एका म्हाताऱ्या माणसाचा हात आहे. त्या रात्री दोन पेग झाले होते आणि चित्र फार जमून आलंय असं मला वाटत होतं. सकाळी पाहिलं तर मनगटाची रेघ सुंदर उतरली होती, खरोखर सुंदर. पण तिच्यावर मी आणखी रेघा ओढल्या होत्या, मग सावली दिली होती, मग सावलीवर सावली, आणि शेवटी बोटं काळ्या डागात बुडून गेली होती. चित्र दहा मिनिटांत झालं होतं. पुढचा तासभर मी ते बिघडवत बसले होते आणि बिघडतंय हे मला कळत नव्हतं.

त्या पानामुळे मी पहिल्यांदा महिनाभर दारू बंद ठेवली. कायमची सोडायची असं मनात नव्हतं. घेतल्याशिवाय माझा हात कसा चालतो, एवढंच पाहायचं होतं. तेव्हापासून दर वर्षी असा एक महिना मी पाळते.

आठवड्यातून तीन-चारदा किंवा रोज ‘बसणाऱ्या’, कामधंदा नीट चाललेल्या माणसांसाठी हा लेख आहे. सकाळी डोकं जड, झोप झाली तरी शीण जात नाही, आणि लिहिणं, गाणं, चित्रं, डिझाइन, जे काही हातात असेल ते साचून राहिल्यासारखं झालंय, असं वाटत असेल तर पुढे वाचा. न पिणं मला त्यातल्या त्यात सोपं गेलं. पेल्याने भरून काढलेला संध्याकाळचा तास एकदम मोकळा होतो, तो सांभाळणं अवघड गेलं. म्हणून इथे सगळ्यात जास्त त्याबद्दलच लिहिलंय.

## सगळ्यात आधी: तुम्ही एकदम थांबणं सुरक्षित आहे का?

हा भाग वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचा परिणाम दाबते. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू तोल सांभाळण्यासाठी सतत उलट बाजूने जोर लावत असतो. दारू अचानक काढून घेतली की तो उलटा जोर तेवढा उरतो. हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, छाती धडधडते. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत हे सुरू होतं. बऱ्याच जणांचं काही दिवसांत ओसरतं. पण काहींना पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांच्या सुमाराला भास होणं, भ्रम, ताप, आपण कुठे आहोत हे न कळणं अशी अवस्था येऊ शकते. तिला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर ती जिवावर बेतते.

म्हणून सकाळी उठल्यावर घ्यावी लागत असेल, एखादा दिवस चुकला की हात कापत असतील, पूर्वी कधी फिट आली असेल, झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या चालू असतील, यकृताचा आजार असेल किंवा तुम्ही गरोदर असाल, तर थांबायचा निर्णय योग्यच आहे, पण तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली अमलात आणा. तिथे मन घट्ट करून सोसायचं नसतं. डॉक्टर औषधांनी ते दिवस सुरक्षित करतात, थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात, आणि नंतरची तल्लफ कमी करणारी औषधंही आहेत. घरच्यांना एक विनंती: दारू सोडवण्याचं औषध कुणाला न कळू देता जेवणात कालवून देऊ नका. त्यातलं डायसल्फिराम नावाचं औषध पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो.

आपण कुठे आहोत हे कळत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण. बेरीज ८ किंवा त्याहून जास्त आली तर पिणं धोक्याच्या बाजूला झुकलंय असं मानतात. २० किंवा त्याहून जास्त आली तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा.

## पहिला आठवडा: काही सोडू नका, फक्त लिहा

बहुतेक जण सोमवारी सकाळी ठरवतात आणि सोमवारी संध्याकाळपासून बंद करतात. मी सांगेन, एक आठवडा थांबा. नेहमीसारखं प्या आणि खरंखरं लिहून ठेवा.

किती प्यायलात ते पेगांत लिहू नका, ग्रॅममध्ये लिहा. घरी ओतलेला पेग कधीच नेमका नसतो. हिशेब सोपा आहे: मिलीलीटर गुणिले बाटलीवरचा टक्का, भागिले १००, गुणिले ०.७९. म्हणजे ४० टक्क्यांच्या दारूचा ६० मिलीचा पेग झाला १९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांची ५०० मिली बीअर २० ग्रॅम, तीच ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ३२ ग्रॅम. १२ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा पेला १४ ग्रॅम. ‘मी फक्त बीअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा मांडून पाहावा. बायकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने आपल्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, कशानेही तो वेग वाढत नाही. रात्री आठला बसून तीन मोठे पेग घेतले की ५७ ग्रॅम होतात, आणि ते उतरायला पहाटेचे तीन वाजतात. पहाटे तीनला लख्ख जाग येऊन छाती धडधडते, नको त्या गोष्टींची काळजी वाटू लागते, ती याच हिशेबातून. दारू उतरलेली असते आणि मेंदूचा उलटा जोर उरलेला असतो. कित्येक वर्षं मला वाटायचं की माझा स्वभावच चिंता करण्याचा आहे. वहीत आठ दिवस वेळा लिहिल्यावर दिसलं की ज्या रात्री पेला नव्हता त्या रात्री ती चिंताही आली नव्हती.

आकड्यांबरोबर एक रकाना आणखी ठेवा: पहिल्या घोटाच्या आधीची दहा मिनिटं काय चाललं होतं? माझ्या वहीत सातपैकी पाच दिवस एकच उत्तर होतं. कामाचा शेवटचा मेल पाठवला, लॅपटॉप मिटला, उठले. म्हणजे पेला मला हवा होता तो दिवस संपला हे अंगाला सांगायला. दुसऱ्या कुणाच्या वहीत भांडण असेल, कुणाच्या वहीत रिकामं घर. पुढचे तीस दिवस याच रकान्यावर उभे राहणार आहेत, म्हणून इथे प्रामाणिक राहा.

याच आठवड्यात रोज पंधरा मिनिटांचं काहीतरी करून तारीख घालून ठेवा. एक चित्र, एक परिच्छेद, मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली एक चाल. बरं-वाईट ठरवू नका. महिन्याने शेजारी ठेवून पाहायला ते लागेल.

## मुदत ठरवताना

तीस दिवसांत नवी सवय पक्की होते या भरवशावर राहू नका. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले होते, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक होता. तीस दिवस फरक दिसण्यापुरते पुरेसे असतात. लंडनच्याच रॉयल फ्री हॉस्पिटलच्या संशोधकांनी मध्यम ते जास्त पिणाऱ्या ९४ जणांना महिनाभर दारूपासून दूर ठेवून तपासलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत इन्सुलिनला शरीराचा होणारा विरोध सुमारे २६ टक्क्यांनी, रक्तदाब सुमारे ६.६ टक्क्यांनी आणि वजन दीड टक्क्याने उतरलं होतं. वजनाचं कारण साध्या गणितात आहे. एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात, म्हणजे वरचे तीन पेग ४०० कॅलरींच्या घरात जातात, बरोबर चघळलेलं वेगळंच.

‘कमी करतो’ आणि ‘बंद ठेवतो’ यांत मी महिन्यापुरतं तरी बंद ठेवायलाच सांगेन. कमी करायचं म्हटलं की रोज संध्याकाळी स्वतःशी घासाघीस करावी लागते: आज किती, उद्याचं आज चालेल का, आज वाढदिवस आहे तर? त्यात निम्मी शक्ती जाते. एकदाच ‘नाही’ ठरवलं की विषय संपतो.

महिना कुठला निवडायचा? एकही समारंभ नसलेला महिना शोधा, असा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही. असा महिना येता येत नाही, आणि आलाच तर त्यातून फारसं शिकता येत नाही. एखाद-दोन प्रसंग असलेला महिना घ्या, फक्त ते दुसऱ्या पंधरवड्यात येतील असं पाहा.

एका माणसाला सांगा. सगळ्यांना सांगितलं की चर्चा होते, कुणालाच सांगितलं नाही की वाट सोडणं सोपं जातं. जो टोमणा न मारता आठवड्यातून एकदा ‘कसं चाललंय?’ एवढं विचारेल असा एक जण पुरे.

घरातल्या बाटल्या घराबाहेर काढा. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवणं म्हणजे बाहेर काढणं नव्हे. आणि पेलेही हलवा, हे मला फार उशिरा सुचलं. चौथ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी मी स्वयंपाकघरात उभी होते आणि माझा हात त्या जाड बुडाच्या काचेच्या पेल्याकडे गेला होता. घरात दारूचा थेंब नव्हता, तरी हात वर गेला, बोटं पेल्याभोवती मिटली, आणि त्या थंड काचेच्या स्पर्शासरशी तोंडाला पाणी सुटलं. मग सगळे पेले खोक्यात भरून माळ्यावर टाकले आणि पाण्यासाठी वेगळ्याच आकाराचे मग काढले.

## पहिले दहा दिवस

या दिवसांत फार मोठी अपेक्षा ठेवू नका. काहींना दुसऱ्याच दिवसापासून हलकं वाटतं. बऱ्याच जणांना आधी उलट वाटतं: चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं.

झोपेचं नीट समजून घ्या, नाहीतर इथेच माघार होते. दारूने झोप लवकर लागते हे खरं आहे. पण रात्रीच्या पहिल्या भागात ती स्वप्नांची झोप, म्हणजे आरईएम, दाबून टाकते आणि दुसऱ्या भागात झोपेचे तुकडे करते. बंद केल्यावर पहिले काही दिवस पडल्या पडल्या डोळा लागत नाही. मग दबून राहिलेली स्वप्नं उसळून वर येतात, इतकी ठळक की कधी दचकून जाग यावी. स्वप्नात प्यायल्याचंही दिसतं आणि उठल्यावर अपराधी वाटतं. हे अनेकांना होतं आणि ओसरतं. उशाशी वही ठेवा. त्या दहा दिवसांत स्वप्नांतून मला जेवढ्या प्रतिमा मिळाल्या तेवढ्या आधीच्या वर्षभरात मिळाल्या नव्हत्या.

गोड खावंसं वाटेल. खा. एका वेळी दोन लढाया अंगावर घेऊ नका. डाएट आणि दारूबंदी एकाच दिवशी सुरू करणारे बहुधा दोन्ही सोडून देतात.

आता तल्लफ. ती लाटेसारखी असते: चढते, टोकाला जाते, उतरते. अॅलन मार्लॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यावरूनच एक रीत शिकवली. लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यावर तरंगत राहायचं. प्रत्यक्षात करायचं ते असं. तल्लफ आली की घड्याळ बघा आणि ती अंगात कुठे जाणवते ते शोधा. माझी जबड्यात आणि जिभेच्या मुळाशी असते. तिकडे नुसतं लक्ष ठेवा, श्वास चालू द्या. ती जाईपर्यंत कितीही वेळ लागेल असं सुरुवातीला वाटतं, पण साधारण अर्ध्या तासाच्या आत ती ढिली पडते. किती मिनिटं टिकली ते वहीत लिहा. दहाव्या दिवशी ते आकडे बघताना बराच धीर येतो.

आणि तल्लफ आली की आधी चार गोष्टी तपासा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. संध्याकाळी साडेसहाला पोटात काहीतरी घातलं तर निम्म्या तल्लफा येतच नाहीत, हा माझा अनुभव आहे.

‘आज प्यायची नाही’ या ठरावाने हाताला काम मिळत नाही. जर-तरच्या भाषेत ठरवा. ‘लॅपटॉप मिटला की मी चपला घालून वीस मिनिटं चालायला जाईन.’ ‘फोनवर वाद झाला तर ठेवल्याबरोबर आंघोळीला जाईन.’ अशी दोनच वाक्यं, पहिल्या आठवड्याच्या त्या शेवटच्या रकान्यावरून लिहायची. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने या रीतीवर पुष्कळ काम केलंय. प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवली की ऐन वेळी ठरवत बसावं लागत नाही.

## तो मोकळा तास

दारू बंद केल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात बहुतेकांच्या अंगाचा त्रास कमी होतो आणि कंटाळा येतो. अगदी घट्ट, न हलणारा कंटाळा. सात वाजतात, सव्वासात वाजतात, साडेसात काही केल्या वाजत नाहीत. दारूने हे सगळं झाकून ठेवलेलं असतं. पेला हातात असला की काही न करता दोन तास जातात आणि गेले हे कळतही नाही.

इथे चूक होते ती अशी, की माणूस हा तास लगेच मोबाइलने भरून टाकतो. मग महिना पार पडतो, तब्येत थोडी सुधारते, पण निर्मितीच्या दृष्टीने हाती काही लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला काही निर्माण करायचंय त्याने या कंटाळ्याला जागा द्यावी.

मी तो तास असा लावला. काम संपलं की बाहेर वीस मिनिटं चालणं, फोन घरी ठेवून. परत आल्यावर एक ठरावीक पेय: लिंबू पिळलेला सोडा, भरपूर बर्फ, त्या नव्या मगात. हातात थंड काहीतरी असणं, बर्फाचा आवाज, पहिला घोट, या विधीची ओढ दारूच्या ओढीइतकीच असते, आणि विधी ठेवून आतला पदार्थ बदलता येतो. मग खुर्ची, वही, आणि पंचेचाळीस मिनिटं. नियम एवढाच की चित्र काढायचं किंवा काहीच करायचं नाही. खिडकीबाहेर बघत बसलं तरी चालेल, पण तिसरं काही करायचं नाही.

पहिले तीन दिवस मी खिडकीबाहेर बघितलं. अकराव्या दिवशी समोरच्या गच्चीवर कुणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. एक बाई ओल्या चादरीचं टोक दातांत धरून दुसरं टोक जुळवत होती. मी पेन्सिल उचलली. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत कपडे काढणाऱ्या, घड्या घालणाऱ्या हातांची चाळीसएक रेखाटनं झाली. त्यातली बरीच वाईट आहेत. पण एकाही पानावर बोटं डागात बुडालेली नाहीत.

लिहिणाऱ्यांसाठी, गाणाऱ्यांसाठी तपशील वेगळे असतील. गाणाऱ्याला फरक घशातही जाणवेल, कारण दारू शरीरातलं पाणी लघवीवाटे काढून टाकते आणि घसा कोरडा पडतो. घरात लहान मुलं असतील तर अखंड पाऊण तास मिळणार नाही. मग ती झोपल्यावरची वीस मिनिटं घ्या. पण वेळ रोज तीच ठेवा.

## मग कल्पना पेल्यात नसतात का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण कलेच्या वाटेवरच्या कित्येकांना मनातून हीच भीती असते: दारू गेली की सुचणंही जाईल.

खरं सांगायचं तर भीतीला थोडा आधार आहे. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात २०१२ मध्ये झालेल्या एका प्रयोगात, रक्तात सुमारे ०.०७५ टक्के अल्कोहोल असलेल्या तरुणांनी दूरच्या शब्दांमधला दुवा शोधण्याची कोडी न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आणि लवकर सोडवली. कारण समजण्यासारखं आहे. दारूने लक्षाची पकड ढिली होते, आणि ढिल्या पकडीत भलत्या दोन गोष्टी एकमेकींना चिकटतात. माझी ती मनगटाची रेघ तशीच आली असणार.

पण कोडं सुटलं की संपतं, चित्राचं तसं नसतं. ते पुढे न्यावं लागतं, त्यातलं काय ठेवायचं आणि कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं, आणि हे ठरवणारा भागच दारूने आधी मंदावतो. शिवाय त्या ढिल्या पकडीची किंमत रात्री झोपेतून वसूल होते. जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठाच्या २००४ च्या प्रयोगात लोकांना एक आकड्यांचं काम दिलं होतं, त्यात एक छुपी युक्ती दडलेली होती. मध्ये रात्रभर झोपलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना ती सापडली; तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांपैकी फक्त २३ टक्क्यांना. सुचण्याचं बरंच काम आपण झोपलेले असताना चालतं, आणि रोजचे तीन पेग त्यातच ढवळाढवळ करतात.

पिणारा लेखक ही प्रतिमा लोकांच्या मनात फार घट्ट बसली आहे. अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर यांची आठवण मला यासाठी महत्त्वाची वाटते. २ जून १९७७ या दिवशी त्यांनी दारू थांबवली आणि १९८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते लिहीत राहिले. त्यांचं नाव ज्यामुळे जगभर झालं त्यातलं बरंचसं लेखन त्या अकरा वर्षांतलं आहे.

पकड ढिली करायची असेल तर दुसरे मार्ग आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात बसून विचार करण्यापेक्षा चालताना लोकांना सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या होत्या, आणि ट्रेडमिलवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालतानाही फायदा दिसला होता. मी आणखी एक करते. गजर लावून सात मिनिटं मुद्दाम वाईट काढते, पेन्सिल न उचलता, न खोडता. वाईटाची परवानगी मिळाली की आतला टोकणारा आवाज गप्प बसतो. मला पेल्यातून खरं तर तेवढंच हवं असायचं. संध्याकाळी असं भरमसाट काढायचं आणि सकाळी, ताज्या डोळ्यांनी, निवडायचं. रात्री काढलेलं रात्रीच दुरुस्त करायला घेऊ नका.

## ‘बसायचं का?’

हा फोन येणारच. फोनवर लांबलचक कारणं दिली की समोरचा एकेका कारणाला उत्तर काढतो. ‘येतो, पण सध्या महिनाभर घेत नाहीये’ एवढंच म्हणा आणि विषय बदला. पोचल्यावर पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच्या हाताने स्वतःचा पेला भरून घ्या. भरलेला पेला हातात असला की सहसा कुणी विचारत नाही. जेवून जा किंवा लवकर जेवा. आणि परतायची वेळ व सोय आधी ठरवा, कारण साधारण दीड तासानंतर गप्पा फिरून फिरून तिथेच येऊ लागतात आणि शुद्धीत असलेल्याला ते जड जातं. बीअरसारख्या चवीची बिनअल्कोहोलची पेयं काहींना उपयोगी पडतात, काहींना त्या चवीनेच तल्लफ येते. घरी एकदा घेऊन बघा आणि त्या रात्री स्वतःवर लक्ष ठेवा. त्यातल्या काहींत ०.५ टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतं, तेव्हा लेबल वाचा. ज्यांना व्यसन होतं त्यांनी या वाटेला न गेलेलंच बरं.

‘एकच घे, काय होतंय’ असा आग्रह करणाऱ्यांवर रागावू नका. तुम्ही थांबलात की त्यांना त्यांचा पेला दिसायला लागतो, तेवढंच. पण तुमच्याबरोबर फक्त दारूमुळे बसणारी माणसं कोण, हे या महिन्यात कळतं, आणि त्याचं थोडं दुःख होतं. ते होऊ द्या.

## एखाद्या दिवशी प्यायलात तर

बाराव्या दिवशी प्यायलात तर तो बारावा दिवस. पुन्हा पहिल्यापासून मोजू नका, तेरावा दिवस उजाडू द्या. ‘आता मोडलंच आहे, तर मोडू दे’ हा विचार त्या एका पेगापेक्षा जास्त नुकसान करतो. वहीत नेहमीचे रकाने भरा: किती ग्रॅम, किती वाजता, आधीची दहा मिनिटं काय चाललं होतं. मग जर-तरचं एक नवं वाक्य लिहा.

पण तीनदा-चारदा ठरवूनही दारूशिवायच्या पहिल्या आठवड्यापलीकडे जाता आलं नाही, किंवा दारू नसताना दोन आठवडे सलग मन खचलेलं राहिलं, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. महिनाभराच्या प्रयोगातून एवढी माहिती मिळाली तरी प्रयोग वाया गेला नाही.

## एकतिसाव्या दिवशी

सकाळी सगळी पानं जमिनीवर पसरा. पहिल्या आठवड्यातली पंधरा मिनिटांची कामं एका बाजूला, शेवटच्या आठवड्यातली दुसऱ्या बाजूला. मधल्या नोंदी पाहा: पहाटेची जाग, तल्लफेची मिनिटं, सकाळचं डोकं. मगच पुढचं ठरवा, आणि ते संध्याकाळ व्हायच्या आत ठरवा.

काही जण इथून पुढे दारू बंदच ठेवतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच दारूला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय, आणि जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित धरता येत नाही. हे वाचून कुणी थांबत असेल तर मला मनापासून आनंद आहे. इतर जण पुन्हा घेतात, पण बहुधा कमी. ब्रिटनमध्ये २०१३ पासून जानेवारीत दारू बंद ठेवण्याची मोहीम चालते. तिच्यात २०१८ साली भाग घेतलेल्यांची ससेक्स विद्यापीठाने पाहणी केली, तेव्हा ऑगस्टपर्यंत त्यांचे आठवड्यातले पिण्याचे दिवस सरासरी ४.३ वरून ३.३ वर आले होते. स्वतःहून पुढे आलेल्या लोकांनी स्वतः सांगितलेले हे आकडे आहेत, तरी दिशा दिसते.

मी स्वतः आता महिन्यातून दोनदा घेते, दोन्ही वेळा माणसांबरोबर, आणि कामाचा दिवस संपवण्यासाठी कधीच नाही. तुम्ही पुन्हा सुरू करणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. कुठले दिवस आणि किती ग्रॅम ते आधी लिहून ठेवा. संध्याकाळचा तो तास दारूला परत देऊ नका. घ्यायची तर तो झाल्यावर, जेवताना घ्या. आणि महिनाभरात सहनशक्ती उतरलेली असते, तेव्हा पूर्वीच्या तीन पेगांचा अंदाज धरू नका. पहिल्याच लहान पेगने चढेल. त्या दिवशी गाडी घेऊन जाऊच नका.

रात्री झोपायच्या आधी वही उशाशी ठेवा. पहाटे तीनला जाग आलीच तर दिवा लावून तेवढी वेळ लिहा.